भिंतीवरची गोधडी: कापड उभं की आडवं?

अगं, कापायच्या आधी दोन मिनिटं थांब. अंथरायच्या गोधडीला कापड जरा आडवंतिडवं लागलं तरी चालून जातं. भिंतीवर टांगलेली गोधडी मात्र रात्रंदिवस स्वतःच्याच वजनानं खाली ओढली जात असते. म्हणून अस्तर आणि बाजूच्या उभ्या पट्ट्या कापडाच्या विणलेल्या काठाला समांतर, म्हणजे ताण्याच्या (लांबीच्या उभ्या धाग्यांच्या) दिशेनं काप. ताणा सगळ्यात कमी ताणला जातो, बाणा (रुंदीचे आडवे धागे) थोडा जास्त, आणि उरेब, म्हणजे तिरपी दिशा, तर रबरासारखा.

तुकडे आणून काठ सापडत नसेल तर कापड दोन्हीकडून ओढून बघ. जिकडे ते कमी सरकतं तो ताणा. मी पहिल्या वेळी बाजूच्या पट्ट्या आडव्या कापल्या होत्या. पावसाळा संपेपर्यंत खालची कड लाटेसारखी झाली. फार वाईट वाटलं, महिनाभराचं काम होतं.

त्रिकोण कापताना जी बाजू चौकटीच्या बाहेरच्या कडेला येणार, ती सरळ धाग्यावर ठेव. उरेब बाजू आतल्या शिवणीत जाऊ दे, आणि इस्त्री घासू नकोस, नुसती दाबून उचल.

क्लॉथ मार्केटमधलं सुती कापड आधी भिजवून वाळव. महेश्वरी साडीचे तुकडे वापरणार असशील तर बघून घे, पुष्कळदा ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो, त्यामुळे दोन्हींची ओढ वेगळी. बाग प्रिंटची (ठशांनी छापलेल्या कापडाची) वेलबुट्टी उभीच दिसायला हवी असेल आणि ताणा आडवा येत असेल, तर खुशाल नक्षीचं ऐक. फक्त मागचं अस्तर उभ्या धाग्याचंच लाव आणि टाके जवळजवळ घाल.