१९८९चा ‘द वुमन इन ब्लॅक’ संग्राहकांना इतका का हवा असतो?

तुम्ही विचारलंय, हा टीव्हीसाठी बनवलेला भीतिपट, त्यात कुणी मोठा स्टार नाही, मग त्याच्या डिस्कसाठी लोक एवढे पैसे का मोजतात?

एक तर तो मिळत नव्हता. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने तो २४ डिसेंबर १९८९च्या रात्री दाखवला आणि पुढे ब्रिटनच्या टीव्हीवर तो क्वचितच लागला. अमेरिकेत २००० साली डीव्हीडी आली, तीही पुढे बाजारातून गायब झाली. कॉपीवरून काढलेल्या अंधूक कॉप्यांवर लोकांनी वर्षं काढली. २०२०मध्ये ‘नेटवर्क’ या ब्रिटिश कंपनीने चांगली ब्लू-रे काढली तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. तर २०२३मध्ये कंपनीच बुडाली!

पण दुर्मिळ तर टुकार सिनेमेही असतात, त्यांच्यासाठी कुणी जीव टाकत नाही. सुझन हिल यांच्या कादंबरीवरची ही पटकथा नायजेल नील यांची. वारलेल्या एका म्हातारीची कागदपत्रं आवरायला तरुण वकील आर्थर किड दलदलीतल्या तिच्या घरी जातो. भरती आली की तिथली वाट पाण्याखाली जाते. धुक्यातून घोड्याचं खिंकाळणं ऐकू येतं, मग लहान पोराची किंकाळी. दिसत काहीच नाही. घोडागाडी दलदलीत बुडाल्याचा तो अपघात केव्हाच होऊन गेलाय, आवाज तेवढे परत परत येत राहतात. म्हातारीने मेणाच्या नळकांड्यांवर स्वतःचा आवाज भरून ठेवलाय, रिकाम्या घरात आर्थर तोही ऐकत बसतो. मला विचाराल तर सगळा सिनेमा या आवाजांवर उभा आहे.

काळ्या कपड्यांतली बाई त्या बुडालेल्या पोराची आई. पॉलीन मोरान तिच्या भूमिकेत बराच वेळ नुसती लांब उभी दिसते, तीही भर दिवसा. भीती वाटतेच, पण तिच्याकडे बघून पोटात तुटतंही. खानावळीतल्या खोलीत मात्र एक प्रसंग असा आहे की रात्री एकटे असाल तर बघू नका. शेवट सांगत नाही, पण दिलासा मिळेल म्हणून थांबू नका.

घ्यायचाच असेल तर कव्हरवर एड्रियन रॉलिन्सचं नाव आहे ना, ते बघून घ्या. डॅनियल रॅडक्लिफ दिसला तर तो याच नावाचा २०१२चा सिनेमा, तो कुठेही मिळतो. गंमत म्हणजे हॅरी पॉटरच्या सिनेमांत हाच रॉलिन्स रॅडक्लिफचा बाप झालाय.