किडीचे नाव कळेपर्यंत पंप खाली ठेवा

पाऊस ओसरल्यानंतर गोव्यातील शेतकऱ्यांकडून आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न येथे एकत्र घेत आहे. तालुके वेगळे आणि पिके वेगळी असली, तरी तिन्ही ठिकाणी बागेत अनोळखी जीव दिसला आणि त्याचे नाव कळण्याआधीच दुकानातून औषध घरी आले.

सत्तरीतील एका बागायतदाराने विचारले आहे की, पेरू आणि जास्वंदीवर आधी पिठ्या ढेकूण होता, आता त्याच्यातच त्याहून मोठे, लांब पांढऱ्या झालरीचे किडे चालताना दिसतात. दुकानदार याला पिठ्याची मोठी जात म्हणतो आणि दुप्पट मात्रा मारायला सांगतो, तर मारावी का?

मारू नये. वर्णनावरून ही पिठ्याची जात वाटत नाही, ती पिठ्या खाणाऱ्या क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची अळी असावी. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून आपल्या देशात आणला गेला, आणि आजही प्रयोगशाळांत वाढवून बागांत सोडला जातो. पिठ्या एका जागी घोळक्याने चिकटून बसतो आणि काडीने डिवचला तरी फारसा हलत नाही. ही अळी मात्र स्पर्श होताच झपाट्याने चालू लागते. मी अनेक कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागांत, हीच चूक पाहिली आहे. फवारणीत अळ्या मरतात, मेणाखाली लपलेला पिठ्या वाचतो, आणि काही आठवड्यांनी तो पहिल्यापेक्षा जास्त होऊन परत येतो. मग दुकानदार तिसरे औषध देतो. ज्या माणसाने तुमचे झाड पाहिलेले नाही, किडा हातात घेतलेला नाही आणि ज्याच्या फळीवर जे शिल्लक आहे तेच तो देणार आहे, त्याच्या सांगण्यावरून मात्रा ठरवू नका.

खात्री करण्याचा माझ्या अनुभवातील सर्वांत चांगला मार्ग म्हणजे बरणी. तोंड रुंद असलेली काचेची बरणी घ्या, तळाशी कागद घाला, किडीसह पान किंवा फांदीचा तुकडा आत ठेवा, तोंडाला मलमलचे कापड बांधा आणि बरणी सावलीत ठेवून रोज पाहा. पिठ्या कमी होत गेला तर तो कोण खातो हे तुमच्याच डोळ्यांना दिसेल. पाने खाणारी अळी असेल तर त्याच झाडाचे ताजे पान रोज द्या, कारण पुष्कळ अळ्यांची खात्रीशीर ओळख त्यांचे फुलपाखरू, पतंग किंवा भुंगेरा झाल्यावरच पटते. कधी अळीतून पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशीसारखे कीटक बाहेर पडतात. तसे झाले तर तुमच्या शेतात मित्रकीटकांचे काम आधीच सुरू आहे असे समजा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत नमुना भरू नका, तो घाम धरून दुसऱ्या दिवशी कुजतो आणि आम्हाला काहीही सांगता येत नाही.

बार्देशातून आलेला दुसरा प्रश्न माडाचा आहे. खालच्या झावळ्या काळ्या पडल्या, दुकानातून बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकत्र करून दिले गेले, दोनदा फवारूनही काळेपणा गेला नाही. हा काळेपणा मूळ रोग नव्हे. झावळ्यांच्या खालच्या बाजूला मेणाची पांढरी वर्तुळे दिसत असतील, तर ती २०१६ साली भारतात प्रथम नोंदलेली चक्राकार पांढरी माशी आहे; तिच्या अंगातून पडणाऱ्या चिकट गोड द्रवावर काळी बुरशी वाढते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पिल्ले पाहा. त्यांतली काही काळी पडलेली आणि काहींना गोल भोक पडलेले दिसले, तर एन्कार्सिया नावाची सूक्ष्म गांधीलमाशी तेथे पोहोचली आहे, आणि अशा माडावर रासायनिक फवारणी करणे म्हणजे आपल्याच मदतनिसाला मारणे होय. पाण्याचा जोरदार फवारा द्यावा. प्रादुर्भाव फारच असेल तर लिटरला ५ मिलि निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून, संध्याकाळी, झावळीच्या खालच्या बाजूने फवारावे. दोन औषधे एकत्र करू नयेत, झाकणाने मोजू नयेत, आणि सकाळी मधमाश्या फुलोऱ्यावर असताना तर पंप उचलूच नये.

तिसरा प्रश्न सांग्याचा. पोफळीच्या बुंध्याशी खणताना वळ्यावळ्यांचा, बुळबुळीत, गांडुळासारखा पण जबडा असलेला प्राणी निघाला, मजुरांनी विषारी साप म्हणून तो मारला, आणि आता मातीत दाणेदार विष टाकावे असा सल्ला मिळाला आहे. हा प्राणी बहुधा देवगांडूळ असावा. तो साप नव्हे आणि गांडूळही नव्हे. तो बेडकांच्या कुळाजवळचा, पाय नसलेला उभयचर आहे, माणसाला त्याचा उपद्रव नाही, आणि तो मातीतली गांडुळे, वाळवी असे जीव खातो. म्हादई नदीवरून नाव पडलेली त्याची एक जात २००७ साली शास्त्रात नोंदली गेली, इतका तो आपल्या डोंगराळ भागाचा आहे. गांडुळासारखाच दिसणाऱ्या वाळा सापाचे अंग कोरडे आणि खवल्यांचे असते, हा फरक लक्षात ठेवावा, मात्र अनोळखी साप हातात धरून तपासू नये, लांबून छायाचित्र घ्यावे. दाणेदार विष टाकू नये. त्यातही कोणी जुने फोरेट काढून देत असेल तर स्पष्ट नकार द्यावा, कारण त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे.

ओळखीसाठी छायाचित्र पाठवताना एक पुरत नाही. किडा वरून, बाजूने, पानाची खालची बाजू, झालेले नुकसान आणि शेजारी एक रुपयाचे नाणे, एवढे तरी हवे. सोबत पीक, गाव, तारीख आणि आधी काय फवारले ते खरे खरे लिहावे. मोबाइलवरचे ॲप जे पहिले नाव सुचवते ते अंदाज म्हणून घ्यावे, निदान म्हणून नव्हे; जाणकार माणसाने दुजोरा दिल्यावरच ते धरावे. मेलेला भुंगेरा कोरडा, आणि मऊ अळी ७० टक्के अल्कोहोलमध्ये आणावी. जिवंत किडा दुसऱ्या तालुक्यात मुळीच नेऊ नये, नवी कीड अशीच पसरते.

नमुना आपल्या विभागीय कृषी कार्यालयात द्यावा. उत्तरेकडील शेतकऱ्यांना जुन्या गोव्याचे आणि दक्षिणेकडील शेतकऱ्यांना मडगावचे कृषी विज्ञान केंद्रही आहे. फोनवर विचारायचे असल्यास किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१ आहे. फवारणी साहित्याच्या अनुदानाची चौकशी कृषी कार्ड घेऊन कार्यालयातच करावी.

सत्तरीच्या बागायतदारांनी आणलेली बाटली उघडली नसेल तर ती दुकानात परत करावी, आणि बरणीत आठ दिवसांनी काय उरले ते कळवावे.