पानात फॉस्फेट जास्त भरतं, म्हणजे शोषणारा जीन जास्त जोरात चालतो का?

तुम्ही विचारलंय की अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या एका रोपाच्या पानांत शेजारच्या रोपापेक्षा दुप्पट-तिप्पट फॉस्फेट भरतंय, तर त्याचा फॉस्फेट ओढणारा जीन बिघडून सुसाट सुटला असेल का.

मलाही आधी असंच वाटायचं. पण या बाबतीतलं सगळ्यात गाजलेलं म्यूटंट (जनुकात बिघाड झालेलं रोप), म्हणजे १९९५ मधलं फो२, वेगळंच सांगतं. त्यात ओढणारे जीन ठणठणीत असतात, निकामी झालेला असतो तो ब्रेक. फो२ जनुकापासून एक एन्झाइम बनतं. पोट भरलेल्या रोपात ते मुळांमधल्या फॉस्फेट वाहणाऱ्या प्रथिनांवर 'मोडीत काढा' असा शिक्का मारायला मदत करतं. एन्झाइम नसेल तर शिक्का नाही, आणि फॉस्फेट वर चढतच राहतं.

मी हे म्यूटंट हाताळलंय. पान चुरडून त्यात अमोनियम मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड घातलं की साध्या रोपाची परीक्षानळी फिकट निळी होते, फो२ची गडद निळी. पानांची टोकंही वाळतात. बघणाऱ्याला वाटणार, दोष पानात आहे. पण साध्या रोपाचा शेंडा फो२च्या मुळावर कलम केला तरी पानं तशीच तुडुंब भरतात. दुखणं मुळांमध्ये!

मग ब्रेक सोडायचा कधी, हे ठरवतं कोण? ते मात्र पान. फॉस्फेट कमी पडलं की तिथे एमआयआर३९९ हा छोटासा आरएनए तयार होतो, फ्लोएममधून, म्हणजे अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून, मुळाकडे उतरतो आणि फो२चा संदेश कापून टाकतो. त्याला आवरायला आयपीएस१ नावाचा तोतया आरएनए असतो. एमआयआर३९९ त्याला चिकटतो, पण नेमक्या कापायच्या जागी जुळणी बिघडलेली, त्यामुळे नुसताच अडकून पडतो. २००७ मध्ये उलगडलेली ही युक्ती मला अजून भारी वाटते.

तरी लगेच जीनच्या मागे लागू नका. जस्त कमी पडलं की जनुकं शाबूत असलेलं रोपसुद्धा पानांत फॉस्फेट असंच भरून घेतं. या रोपाचं बी धरा, पुरेसं जस्त असलेल्या द्रावणात साध्या रोपांशेजारी वाढवा. तेव्हाही नळी गडद निळी आली, तर फो२चा सीक्वेन्स, म्हणजे त्या जनुकातला डीएनएचा क्रम, काढून बघा.