नवा क्यू नंतर, आधी टिप बघ

अरे, बिलियर्ड्ससारखा पूल खेळताना शॉट कधी बसतो, कधी क्यू, म्हणजे मारायची काठी, चेंडूवरून सरकतो म्हणून लगेच नवा क्यू घ्यायला निघू नकोस. आधी टिप, म्हणजे क्यूच्या टोकावरची चामड्याची चकती, बघ. स्वस्त डबीतल्या एकसंध चामड्याच्या टिपांत एकीसारखी दुसरी नसते. एक दगड, तर दुसरी लोणी. मी कित्येक वर्षं डबी उपडी करून, एकेक टिप नखानं दाबून, फरशीवर टाकून आवाज ऐकत निवडायचो. खणखणीत ‘टक्’ आला तर ठेवायची, नाहीतर बाजूला.

त्यापेक्षा डुकराच्या चामड्याचे पातळ थर चिकटवलेली, कामुई ब्रँडसारखी लेयर्ड टिप घे. महाग पडते, पण झिजत गेली तरी बरीचशी तशीच वागते, आणि पुढची घेतलीस तर हात नव्यानं बसवावा लागत नाही. सुरुवातीला मीडियम, म्हणजे मध्यम कडकच. सॉफ्ट टिप लवकर दबते, कडेनं छत्रीसारखी फुगते.

पूल क्यूचं टोक साधारण 12 ते 13 मिलिमीटर. टिप किंचित मोठी घेऊन कड तासून घे. आणि सोलापूरचा उन्हाळा तुला माहीतच आहे, पारा 40 च्या पुढे. बंद गाडीत क्यू ठेवलास तर चिकटवलेली टिप सुटू शकते. घरी आण.