सुप्याच्या माळावर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पुण्याहून निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल आणि गाडीतून वन्यप्राणी दिसतील, असा आडरस्ता सुचवा. मागे एकदा मोरगावला दर्शन घेऊन सुप्याच्या माळावर गेलो होतो, पण मेंढरांशिवाय काही दिसलं नाही. — एक वाचक, कोथरूड

उत्तर: माळ योग्यच निवडलात. दर्शनामुळे ऊन चढलं असणार. या माळावरचं छोटं हरिण, म्हणजे चिंकारा, उन्हात बाभळीच्या सावलीला बसतो, आणि त्याचा रंग वाळल्या गवतात इतका मिसळतो की पन्नास पावलांवरूनही नजर चुकते. म्हणून आधी माळ, मग मोरगाव.

हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे असा रस्ता धरा. हिवाळ्यात पहाटे साडेचारला निघा. या माळावरचं, १९९७ साली जाहीर झालेलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. चिंकारे आसपासच्या माळावर आणि पडीक रानातही चरतात, त्यामुळे बाहेरचे रस्तेही तितक्याच बारकाईने पाहा. उजाडायच्या आत पूर्वेच्या टोकाला पोहोचा आणि तिथून पश्चिमेकडे हळूहळू परत या. म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. उलट केलंत तर सगळे प्राणी काळ्या आकृत्या दिसतील.

वेग ताशी वीसच्या आत, काचा खाली, गाणी बंद. काही दिसलं की कचकन ब्रेक दाबू नका. गाडी सावकाश थांबवून इंजिन बंद करा आणि दार उघडू नका. गाडीला प्राणी बरेच सरावतात, पण उभा माणूस दिसला की पळतात. चिंकाऱ्याने पुढचा खूर आपटून शिंकेसारखा आवाज काढला, तर आपण फार जवळ आहोत असं समजा आणि तिथेच थांबा. निदान पंधरा मिनिटं बसलात तर एकाच्या जागी तीन दिसू लागतात. ८ × ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. कॅमेऱ्याची लेन्स जड असेल तर कापडी पिशवीत दोनेक किलो तांदूळ भरून ती खिडकीवर ठेवा. पिशवी थोडी रिकामी असू द्या, तरच लेन्स नीट बसते.

चाक मात्र रस्त्याखाली उतरवू नका, ही कळकळीची विनंती. माळटिटवी आणि धाविक हे पक्षी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांसारखी असल्याने गाडीतून दिसतच नाहीत. वाळल्या गवतावर गाडी उभी केली तर तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागू शकतो. बाभळीचे काटे तर आहेतच, त्यामुळे घरून निघण्याआधी स्टेपनीतली हवा तपासा. ट्यूबलेस टायरमध्ये काटा रुतला तर पंक्चरच्या दुकानापर्यंत तो उपसू नका, नाहीतर हवा झपाट्याने जाते.

प्रश्न: याच माळावर लांडगा दिसला, की तो धनगरांचा कुत्रा होता, हे कसं ओळखायचं?

उत्तर: शेपटी पाहा. चालताना लांडग्याची शेपटी खाली लोंबते, गावठी कुत्र्याची बहुधा वर वळलेली असते. लांडग्याचे पाय लांब, छाती अरुंद, आणि चाल एका लयीत सरळ पुढे जाणारी. आकाराने फारच लहान, झुपकेदार शेपटीचं टोक काळं, तर ते खोकड, म्हणजे छोटा कोल्हा. लांडगा दिसल्यास त्याची जागा समाजमाध्यमांवर कुठेही टाकू नका. हिवाळ्यात मादीची पिल्लं बिळात असतात. गर्दी झाली की ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या धावपळीत ती दगावू शकतात.