रात्रीच्या झोपेची सुरुवात सकाळी पावणेसातला

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईचं लांबलचक पत्र आलं आहे. बाळ ११ महिन्यांचं. आईबाबा दोघंही नोकरीला, बाळ आठवड्यातले चार दिवस नर्सरीत, आणि साताऱ्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या. ती लिहिते, “काकू, रात्री पावणेअकराशिवाय याचा डोळा लागत नाही. रात्रीतून चार वेळा उठतो, अंगावर घेतल्याशिवाय परत झोपत नाही. बाबा सव्वासातला येतात, मग दोघांचा दंगा सुरू होतो. नर्सरीच्या दिवशी पावणेसातला अक्षरशः ओढून उठवते. शनिवार-रविवारी मात्र साडेनऊपर्यंत झोपतो, तेवढीच आम्हालाही झोप मिळते.” पुढे राईची उशी, जायफळ, साडीची झोळी आणि डिसेंबरातली साताऱ्याची फेरी, असे आणखी चार प्रश्न आहेत.

अगं, तुझी दमणूक कळते मला. तिकडे कामाला बाई नाही, शेजारी मावशी नाही, आणि सकाळी आठच्या गाडीला बाळ तयार हवं. पण स्वतःचंच शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाच. “साडेनऊपर्यंत झोपतो.” सोमवारी पावणेसात आणि रविवारी साडेनऊ, म्हणजे पावणेतीन तासांचा फरक. दर आठवड्याला बाळाचं घड्याळ इतकं मागे जातं, आणि ते रुळावर यायला गुरुवार उजाडतो. शनिवारी पुन्हा तेच. मग रात्री अकराला तो टक्क जागा राहिला तर त्याचा काय दोष?

शरीरातलं घड्याळ मुख्यतः सकाळच्या उजेडावर लावलं जातं. बाळ उठून उजेडात आलं की तिथून साधारण बारा-तेरा तासांनी त्याच्या शरीरात रात्रीच्या झोपेची तयारी होते. जन्मल्यावर हे घड्याळ नसतंच. दोन-तीन महिन्यांनी ते आकार घेतं, म्हणून पहिले काही आठवडे दिवस-रात्रीची उलटापालट चालते आणि ती चालू द्यावी. पण ११ महिन्यांच्या बाळाचं घड्याळ चांगलं पक्कं असतं. ते रोज कुठे लावायचं हे तुझ्या हातात आहे. झोपायची वेळ आपण बाळावर लादू शकत नाही, उठायची वेळ मात्र ठरवू शकतो. म्हणून सुरुवात उठण्यापासून कर.

पावणेसात ही वेळ सातही दिवस धर. सुट्टीच्या दिवशी फार तर सव्वासात. रात्री कितीही वाजता झोपला असला तरी पडदे उघड, दिवे लाव, डायपर बदल आणि अर्ध्या तासात खायला दे. नंतर किमान २० मिनिटं घराबाहेर. ढगाळ असलं तरी चालेल, कारण बाहेरचा ढगाळ उजेडसुद्धा घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. डिसेंबरात तिथे सूर्यच आठच्या सुमारास उगवतो. तेव्हा सकाळी घरातले सगळे दिवे लावायचे आणि नर्सरीला गाडीऐवजी बाबागाडीतून चालत न्यायचं.

हे सुरू केलंस की पहिले तीन-चार दिवस बाळ दुपारी किरकिर करेल. नेमकी इथे माणसं कच खातात आणि दुपारी तीन तास झोपू देतात. तसं नको. पहिली डुलकी पावणेदहा-दहाला, पाऊण ते एक तास. दुसरी दोनच्या सुमारास, सव्वा तास. साडेतीननंतर झोप नाही. नर्सरीतल्या ताईंना ही वेळ लेखी दे, कारण तिथे बाळं आपसूक साडेचारपर्यंत झोपून राहतात आणि त्याची किंमत तू रात्री मोजतेस. संध्याकाळी गाडीत डोळा लागलाच तर १५ मिनिटांत उठव. सासूबाई सकाळी तेल लावून गरम पाण्याने न्हाऊ घालतात असं तू लिहिलं आहेस. सुट्टीच्या दिवशी त्यानंतर तो अडीच तास गाढ झोपतो, ती झोप रात्रीच्या खात्यातूनच वजा होते. तेलमालिश बंद करू नकोस, संध्याकाळी सहाला ने. सासूबाईंच्या हाताला काम राहील आणि बाळालाही अंग मोकळं होऊन झोप येईल.

रात्रीची वेळ लगेच पावणेआठवर आणायला जाऊ नकोस. झोप येण्याच्या आधीचा तास-दीड तास माणूस सगळ्यात जास्त जागा असतो. त्या वेळात पाळण्यात टाकलंस तर तासभर रडारड होईल आणि पाळणा म्हणजे रडायची जागा असं त्याच्या डोक्यात बसेल. आधी चार दिवस फक्त सकाळ सांभाळ. मग दर दोन दिवसांनी झोपेची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आण. पावणेअकरापासून पावणेआठपर्यंत यायला साधारण साडेतीन आठवडे लागतील. तिथे पोचलीस की रात्रीचे ११ तास आणि दिवसाचे दोन-सव्वादोन, मिळून १३ तास होतात. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला डुलक्या धरून १२ ते १६ तास झोप लागते, त्यात हे नीट बसतं.

बाबांनी दंगा सकाळी करावा. सव्वासातला घरी आल्यावर त्यांच्या वाट्याला शेवटचा अर्धा तास आहे: कपडे बदलणं, दात पुसणं, एक पुस्तक, एक गाणं, रोज याच क्रमाने. दिवे मंद, टीव्ही आणि फोन बंद. हवेत उडवणं, गुदगुल्या हे सगळं सकाळी सातला. भारतातल्या आजोबांचा व्हिडिओ कॉलही सकाळीच ठेव. तुझे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात त्यांचे दुपारचे बारा, हिवाळ्यात एक. अमेरिकेतल्या वाचकांनीही हे मनावर घ्या. पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेनऊला कॉल लागतो, कारण तेव्हा इकडे सकाळ असते, आणि बाळ त्या निळ्या पडद्यासमोर ताटकळतं. तिथे सकाळी साडेसातला केलात तर इथे संध्याकाळचे पाच-सहा वाजलेले असतात. माझ्या धाकट्या जावेच्या नातवाची न्यू जर्सीतली रात्र एवढ्या एका बदलानेच तासभर अलीकडे आली.

उन्हाळ्यात तुमच्याकडे सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि पावणेपाचला उगवतो. पूर्ण अंधार करणारा पडदा हवाच, आणि त्याच्या कडेने उजेडाची चीर येत असेल तर चिकटपट्टी लाव. माझी लेक स्कॉटलंडात ॲबर्डीनला असते, तिथे जूनमध्ये सूर्य दहाला मावळतो. तरी तिची दोन्ही मुलं आठला झोपतात, पडद्यामुळे आणि सकाळच्या ठरलेल्या वेळेमुळे. बाळ पाचला उठलं तर सहापर्यंत रात्रच समजायची: अंधार, बोलणं नाही, लगेच दूध नाही. पहाटे हीटिंग बंद असल्याने थंडीनेही बाळं उठतात. खोली १६ ते २० अंश ठेव आणि अंगात २.५ टॉगची (टॉग म्हणजे उबेचं माप) झोपायची पिशवी घाल. गोधडी दिवसा खेळायला जमिनीवर. टोपडंही झोपताना घरात नको, बाळ डोक्यातूनच जास्तीची उष्णता बाहेर टाकतं.

रात्रीच्या चार उठण्यांबद्दल थोडक्यात. बाळाच्या झोपेचं एक चक्र तासाभराचं असतं आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी ते किंचित जागं होतं. अंगावर पिता पिता झोपलेलं बाळ जाग आल्यावर तेच शोधतं. म्हणून रात्रीचं दूध झोपेच्या २० मिनिटं आधी, दिवा चालू असताना दे, आणि जागं असतानाच पाळण्यात ठेव. वजन नीट वाढत आहे ना, हे हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे तिकडे बाळांची वाढ बघणाऱ्या नर्सला, विचारून रात्रीचं दूध हळूहळू कमी कर. पण हे सकाळचं बस्तान बसल्यावर. दोन्ही एकदम सुरू केलंस तर दोन्ही सुटतील.

आता बाकीचं. राईची उशी नको. वर्षाच्या आत कुठलीच उशी नको. बाळ पाठीवर, कडक सपाट गादीवर, पाळण्यात दुसरं काही नाही. डोक्याचा आकार जागेपणी पालथं खेळवून सुधारतो. जायफळ उगाळून देऊ नका. त्यातल्या मिरिस्टिसिनने बाळाला गुंगी येते, आणि सहाणेवर किती उगाळलं गेलं याचं मोजमाप कुणाकडेच नसतं. गुटीत मध असेल तर वर्ष होईपर्यंत तीही बंद, कारण मधातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, तेव्हा ती झोपेसाठी नको. सासूबाईंना हे तू सांगण्यापेक्षा त्यांच्या मुलाने सांगितलेलं बरं. बाळ रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, जा.

डिसेंबरातल्या फेरीत घड्याळ साडेपाच तास पुढे जाईल. बाळाची पावणेसातची सकाळ साताऱ्यात दुपारी सव्वाबाराला येईल. पहिल्या दिवशी दहाला उठव, दुसऱ्या दिवशी नऊला, आणि दोनच आठवडे राहणार असलात तर तिथेच थांब. उठल्या उठल्या अंगणात उन्हात ने. साताऱ्यात नऊला उठण्याची सवय झालेलं बाळ रेडिंगला परतल्यावर पहाटे साडेतीनला उठेल. तेव्हा दिवा लावू नकोस, खेळणी काढू नकोस, फक्त जवळ बस. परतल्यावर नोकरीवर जाण्याआधी हाताशी तीन दिवस ठेवून तिकीट काढा.