सीएफओची खुर्ची सोडून शिक्षणात उतरताना

“आकडे मला कळतात, मुलं कळत नाहीत. शिक्षणात काही उभं करायची फार इच्छा आहे, पण फसले तर या वयात परत कोण घेईल?” हे म्हणत आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या बाई एका मोठ्या कंपनीत वित्तप्रमुख (सीएफओ) होत्या, वय पंचेचाळिशीच्या आसपास. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

या प्रश्नात तीन भीती एकमेकींत अडकलेल्या असतात : घर कसं चालेल, हे काम जमेल का, आणि पद गेल्यावर लोक आपल्याला काय म्हणून ओळखतील. आधी त्या सुट्या कराव्या लागतात, कारण प्रत्येकीवरचा उपाय वेगळा. बाईंनी पाच वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज मांडणारं एक्सेल मॉडेल करून आणलं होतं. ते पहिल्या भीतीचं उत्तर होतं. झोप उडवत होती तिसरी.

पैशांचं आधी निपटलं. घरखर्चाचे 24 महिने एका खात्यात, व्यवसायाचं भांडवल दुसऱ्यात, आणि एकातून दुसऱ्यात काही वळवायचं नाही. 24 अशासाठी, की प्रवेशाचा हंगाम बहुधा वर्षातून एकदाच येतो. पहिल्या हंगामात चुका कळतात, दुसऱ्यात त्या सुधारता येतात. 12 महिन्यांचीच तरतूद असेल तर दुसऱ्या हंगामापर्यंत पोहोचताच येत नाही. राजीनाम्याची तारीख प्रवेशापासून 6 ते 9 महिने मागे मोजायची. बोनस आणि शेअर्स हातात येण्याच्या तारखा, नोटिशीचा काळ, करारातली स्पर्धक व्यवसाय न करण्याची अट, हेही त्याच कागदावर मांडायचं.

मॉडेलमध्ये विद्यार्थी दर महिन्याला 8 टक्क्यांनी वाढत होते. मुलं अशी येत नाहीत; हंगामात येतात आणि मधेच गळतात. शिवाय शिक्षकाचा खर्च तुकडीमागे असतो. समजा, 20 जागांच्या तुकडीचा खर्च 13 जणांच्या फीत निघतो. 20 आले तर सात जणांची फी शिल्लक. 24 आले तर दुसरी तुकडी उघडावी लागते, खर्च 26 जणांच्या फीइतका होतो आणि विद्यार्थी वाढूनही तोटा. चार जणांना ‘पुढच्या वेळी या’ म्हणायला वाढीची सवय लागलेल्या माणसाला फार जड जातं.

दुसरा सापळा आगाऊ फीचा. 60 विद्यार्थ्यांनी 10 महिन्यांची फी सुरुवातीलाच भरली, तर खात्यात 600 विद्यार्थी-महिन्यांचे पैसे दिसतात. पहिल्या महिन्याअखेर त्यातले 60 कमावलेले, उरलेले 540 म्हणजे देणं. वित्तातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागू नये. ताळेबंदात ते देयतांच्याच बाजूला बसतं. पण मालक झाल्यावर हीच मंडळी त्या पैशातून मोठी जागा भाड्यानं घेतात आणि सातव्या महिन्यात शिक्षकांच्या पगाराला अडतात. उपाय साधा : फी वेगळ्या खात्यात, आणि दर महिन्याला कमावलेला हिस्साच चालू खात्यात.

संस्थेचं रूप ठरवण्याआधी कायदा बघावा. औपचारिक शाळेतून नफा वाटून घेणं अनेक देशांत चालत नाही. चीनने तर जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना ना-नफा व्हायला लावलं आणि शेअर बाजारातून त्यांच्यासाठी भांडवल उभारणं बंद केलं. गुंतवणूकदाराला परताव्याचा शब्द देण्याआधी हे डोळ्यांसमोर असावं.

‘जमेल का’ याचं उत्तर विचार करून मिळत नाही, वर्गात उभं राहून मिळतं. नोकरी न सोडता, कंपनीच्या लेखी परवानगीनं, एक तुकडी, 8 ते 10 आठवडे, फी घेऊन. फुकट ठेवलं तर लोक येतात, पण काहीच कळत नाही. दर आठवड्याला तीनच नोंदी : किती जण आले, कोण थांबलं आणि का, आणि मागच्या आठवड्याचं किती जणांना न विचारता सांगता आलं. मोफत ऑनलाइन शिकवणाऱ्या खान अकॅडमीचे संस्थापक सलमान खान हेज फंडात (बड्या गुंतवणूकदारांचे पैसे गुंतवणाऱ्या संस्थेत) विश्लेषक असताना 2004 पासून नात्यातल्या एका बहिणीला गणित शिकवत होते. नोकरी त्यांनी 2009 मध्ये सोडली. तोवर शिकवणं आणि पगार शेजारी-शेजारी चालले. उडी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतला हा भाग बहुतेक जण गाळतात.

बाईंनी मोठ्यांना पैशांचे हिशेब शिकवणारी तुकडी उघडली. 20 जागा होत्या, 11 जण आले. तिसऱ्या आठवड्यात तिघं गळले. बाईंनी लगेच आलेख काढायला घेतला. आम्ही आधी तिघांना फोन करायला सांगितलं. दोघांना वेग झेपत नव्हता, एकाला वेळ जमत नव्हती. वेगाचं कारण उघड होतं : संचालक मंडळापुढे 20 मिनिटांत सगळं मांडायची सवय वर्गात तशीच आली होती. त्यांनी एका अनुभवी शिक्षिकेला सोबत घेतलं आणि पाठाबद्दलचा शेवटचा शब्द तिचा, हे लेखी दिलं. वरिष्ठ माणसाची खरी कसोटी इथं लागते. पगार देणारे आपण, पण वर्गातला निर्णय दुसऱ्याचा.

ओळखीच्या भीतीवर नुसतं बोलून फारसं हलेना. मग एक गृहपाठ : आठवडाभर नव्या माणसाला स्वतःची ओळख करून देताना पद आणि कंपनी वगळायची. पहिले दोन दिवस वाक्यच पुरं होईना. आठवड्याअखेर “मोठ्यांना पैशांचे हिशेब शिकवते” इथवर गाडी आली.

राजीनामा त्यांनी एक हंगाम पुढे ढकलला. घरच्यांबरोबर बसून थांबण्याची रेषाही लिहिली : दुसऱ्या हंगामात दोन तुकड्या मिळून 30 जागा भरल्या नाहीत किंवा राखीव 24 पैकी 9 महिनेच उरले, तर सल्लागाराचं अर्धवेळ काम घ्यायचं. त्या कागदावर नवऱ्याचीही सही आहे.